‘नवरा-बायकोच्या भांडणात पडू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सोसायट्यांच्या आणि चाळकमिट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरत असतो: शेजारी मारहाण ऐकू आली तरी दार वाजवू नका. घरगुती बाब आहे, तुम्ही कोर्टकचेरीत अडकाल, पोलिस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून बोळवण करतात आणि शेवटी बाई नवऱ्याकडेच परत जाते. या सल्ल्याने माणसं आपापल्या घरात गप्प बसतात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

‘घरगुती बाब’ हे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला मान्यच नाही. त्याच्या कलम 4 नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) माहिती देऊ शकतं, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘अडकाल’चं उत्तरही यातच आहे. पुढे साक्षीला बोलावणं येऊ शकतं, हे खरं. पण फोन केला म्हणून कुणी फिर्यादी होत नाही. छळाचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचं 498अ आणि आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 85, शेजाऱ्याच्या तक्रारीवर नोंदवला जात नाही. त्यासाठी मार खाणारी बाई स्वतः किंवा तिचे नातेवाईक लागतात.

एनसीचा मुद्दा अर्धा खरा आहे. साधी मारहाण अदखलपात्र, पण हत्यार वापरलं किंवा हाड मोडलं की गुन्हा दखलपात्र होतो, म्हणजे पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो. ते ठरतं दवाखान्याच्या कागदावर. म्हणून तिला आधी कॅज्युअल्टीत न्या. कुणी मारलं, कशाने मारलं, हे तिने डॉक्टरांना सांगावं. तिथे ‘मोरीत पडले’ असं लिहिलं गेलं की पुढे ते खोडून काढताना वकिलाच्याही नाकी नऊ येतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र आता पालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहे; तिथे समुपदेशक भेटतात. एनसीची प्रतही फेकू नका. मॅजिस्ट्रेटकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली संरक्षणासाठी अर्ज करायला एफआयआर लागत नाही, आणि तीन एनसी एकत्र ठेवल्या की छळ जुना आहे हे दिसतं.

आता दार वाजवण्याविषयी. एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं जा. निमित्त साधं ठेवा: पाणी गेलंय का, मीटर बघायचाय. हेतू एवढाच की उगारलेला हात थांबावा. हत्यार दिसलं तर दार न वाजवता 103 (मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन) किंवा 112 लावा. इमारत, मजला, खोली नंबर आणि घरात मुलं आहेत का, हे सांगा. सगळ्यात घातक चूक म्हणजे नवऱ्याला ‘तुझ्या बायकोने सांगितलं’ असं सुनावणं. त्याचा मार तिलाच बसतो. व्हिडिओ ग्रुपवर टाकणं आणि कमिटीसमोर माफीनामा लिहून घेऊन ‘मिटवणं’ हेही तसंच. तिच्याशी बोलायचं ते नळावर, शाळेच्या फाटकाशी, तो नसताना. ‘आजच घर सोड’ म्हणू नका. बाई निघायला लागते तेव्हा धोका वाढतो. आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती आणि जखमांचे तारखेसह फोटो मात्र तुमच्याकडे ठेवा.

ती परत जाते, कारण मुंबईत दुसरी खोली मिळत नाही. खोली सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून आपला हक्कच नाही, असं तिला सांगितलेलं असतं. हे खोटं आहे. त्याच कायद्याचं कलम 17 सामाईक घरात, म्हणजे ती नवऱ्यासोबत नांदते त्या घरात, राहण्याचा हक्क देतं, आणि सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामाईक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. नवऱ्याला तुरुंगात न पाठवताही संरक्षणाचा आदेश, राहण्याचा हक्क आणि खर्च मागता येतो. आदेशाची प्रत पोलिस ठाण्याला जाते. एक तिच्याजवळ आणि एक विश्वासू शेजारणीकडे असू द्या. मग पुन्हा आवाज आला तर फोनवर ‘भांडण चाललंय’ न म्हणता ‘संरक्षण आदेश मोडला जातोय’ असं सांगता येतं, आणि याच कायद्याच्या कलम 31 खाली तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.