गाडी मिसिंग मारतीय (इंजिन अडखळतंय, थरथरतंय) म्हणजे नोझलच (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) गेलं असतंय का?
अक्कलकोट रोडला गॅरेजपुढं गाडी लावायच्या आधीच ड्रायव्हर ओरडतो, मिस्त्री, नोझल गेलेत, सगळे सहा उतरवा. अरे बाबा तू डॉक्टर का मी? धूर कसला येतोय, थंडीत मारतीय का गरम झाल्यावर, लोड घेतल्यावर का रिकामी उभी असताना, कायच सांगता येत नाही, पण नोझल गेलं हे मात्र पक्कं माहीत, कारण टेंभुर्णीच्या ढाब्यावर कुणीतरी सांगितलंय.

काल परत तेच. डिझेल फिल्टर खोलला तर आत काळा चिखल आणि टाकीकडून येणारी नळी क्लिपपाशी चिरलेली, तिथनं हवा ओढतीय, मग इंजिन थरथरणार नाही तर काय नाचणार? नळी कापून नवीन क्लिप मारली, हँडपंपानं एअर काढला, गाडी गप्प. एवढंच! आणि हे सहा इंजेक्टरचा खर्च करायला निघाले होते.

त्यात एकजण म्हणतो चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचे नट ढिले करून बघा की, कुठला सिलेंडर मेलाय कळतंय. जुन्या पंपाच्या गाडीला ठीक आहे लेका, ही कॉमन रेल आहे, सगळ्या इंजेक्टरला एकाच जाड नळीतनं दाबाचं डिझेल, आत हजार बारच्या वर प्रेशर जातंय, चालू इंजिनवर नट सोडला तर डिझेल कातडी फोडून आत शिरतंय. तिथं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून एकेक सिलेंडर बंद करून बघायचा असतो.

आणि बिल सांगितलं तर म्हणे, नुसती क्लिपच तर लावली की!