‘तोंडाला कुलूप लावा’वाल्यांसाठी

आमच्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. वजन घटवायची शस्त्रक्रिया म्हणजे पोटाची पिशवी लहान करायची, दुसरं काही नाही. तोंडाला कुलूप लावलं तर तेच फुकटात होतं. आणि दोन वर्षांत पिशवी ताणून सगळं जैसे थे. खाली अंगठ्यांची रांग. माझ्या मामेभावाची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालंय, त्यामुळं मला गप्प बसवेना.

“फक्त पिशवी लहान होते.”

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात, हे खरं. पण त्यात जठराचा वरचा फुगीर भागही जातो, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) मुख्यतः तिथंच तयार होतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. वजनाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा प्रकार म्हणजे बायपास: जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळं अन्न आतड्याच्या खालच्या टप्प्यात लवकर पोचतं. तिथल्या पेशी जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही ‘बास आता’ सांगणारी संप्रेरकं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात. हल्ली गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ची नक्कल करतात. २००७ च्या एका अभ्यासात औषध देऊन ही संप्रेरकं दाबली, तर बायपास झालेले लोक जास्त जेवले. जठराला नुसता पट्टा बसवलेल्यांना काही फरक पडला नाही. सगळा खेळ पिशवीचाच असता, तर बायपासवालेही तेवढंच जेवले असते.

“तोंडावर ताबा ठेवला तर तेच होतं.”

हे वाचून मामेभाऊ हसला. त्यानं रंकाळ्याला फेऱ्या मारून, रात्रीची भाकरी सोडून चौदा किलो उतरवले होते. मग रात्री दीड वाजता उठून फ्रीजसमोर उभा राहायचा. “कुलूप दोनदा लावलं की रं, किल्ली पोटाकडं हुती,” म्हणाला. त्याचं पोट खोटं बोलत नव्हतं. २००२ च्या एका अभ्यासात सहा महिने आहार सांभाळून लोकांचं वजन सरासरी १७ टक्के घटलं, तर घ्रेलिन २४ टक्के वाढलं. वजन घटलं की शरीर भूक वाढवून ते परत मागतं. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात तर दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर वर्ष उलटलं तरी ही उलथापालथ निवळली नव्हती. आता मामेभाऊ मिसळीच्या अर्ध्या वाटीवर थांबतो. पाव तसाच राहतो. आग्रह केला तर म्हणतो, “मनच हुईना.”

“दोन वर्षांत सगळं जैसे थे.”

अर्धं खरं. काहींचं थोडं वजन परत येतं, संप्रेरकं काही कायमचे पहारेकरी नव्हेत. दिवसभर फरसाण आणि गोड चहा चालू राहिला तर त्यांचंही चालत नाही. पण स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के कमी होतं आणि वीस वर्षांनीही १८ टक्के. याला जैसे थे कोण म्हणेल?

घाबरवायचंच होतं, तर खरी गोष्ट सांगायची: बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर तपासत राहावं लागतं. मामेभावाच्या फ्रीजवरच्या कॅलेंडरात बी-१२ च्या इंजेक्शनची तारीख लाल पेनानं गोल केलेली असते. मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळ नव्हती.