टेकाँगची बोट आणि कामठीची परेड

परवा फोनवर माझा साळा तावात होता. नागपुरात तो तावात असला की समजावं, नुकतेच तर्री-पोहे झालेत. ‘पोरं मोबाईलात डोकं घालून बसून राहिली, भाऊजी. कॉलेजात दोन वर्षं मिलिटरी ट्रेनिंग कम्पल्सरी करा, सुतासारखी सरळ येतात का नाही बघा! तुमच्या सिंगापुरात आहेच ना!’

आहे, १९६७ पासून. आम्ही इथले नागरिक नाही, नुसते पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. पण पीआर आईबापांच्या मुलालाही दोन वर्षं सुटका नाही. म्हणून गेल्या वर्षी लेकाला पुलाऊ टेकाँग या लष्करी प्रशिक्षणाच्या बेटावर सोडायला गेलो. आईबापांनाही बोटीतून नेतात, तिथल्या मेसमध्ये सोबत जेवू घालतात. पोरगा ताटातला भात चिवडत गप्प होता. त्याची आई उगाच त्याच्या केसांवरून हात फिरवत होती. ते केस आता उतरणारच होते.

साळ्याला कळत नाही ते हे, की इथे हा कॉलेजातला विषय नाही. पोरं कॉलेजच्या आधी दोन वर्षं पूर्ण वेळ जातात, सरकार भत्ता देतं, आणि पुढे नोकरी लागल्यावरही राखीव दलाचं बोलावणं येत राहतं. मंत्र्याचा पोरगाही त्याच बोटीत बसतो.

आपल्याकडे सक्ती झालेली आहे, हे बरेच जण विसरलेत. चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली. १९६८ ला ती ऐच्छिक झाली. माझे काका त्या बॅचचे. लाकडी बंदूक खांद्यावर, हजेरी लागली की मागच्या रांगेतून पसार, आणि मित्राच्या नावाला दुसऱ्यानेच ‘यस सर’! शिस्त म्हणाल तर काकांना आजही बस वेळेवर गाठता येत नाही.

‘तुझ्या धाकट्याला पाठवतो का दोन वर्षं?’ मी विचारलं.

‘त्याची नीटची तयारी सुरू आहे ना, भाऊजी.’

सक्ती नेहमी दुसऱ्याच्या पोराला हवी असते. आमच्या कॉलेजात एनसीसीच्या निवडीला भल्या पहाटे मैदानावर रांग लागायची. मीही धावलो, उंची-छाती मोजून घेतली आणि जागा संपल्या म्हणून सायकल हाकत घरी आलो. एनसीसीचे अधिकारी घडवणारी अकादमी कामठीला, लष्कराच्या गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं सेंटरही तिथेच. नागपूरपासून हाकेच्या अंतरावर. नको म्हणणाऱ्यांना ओढून नेण्याआधी त्या रांगेतल्या पोरांना जागा वाढवून द्या की. आणि खऱ्या बंदुकाही.