थिसिसला प्रश्न कशाला हवा?

एमडीला लागलात, अभिनंदन. सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आली म्हणून घाबरून प्रश्न शोधत वॉर्डात मात्र हिंडू नका. वॉर्डात प्रश्न सापडतात, हीच पंचाईत आहे.

माझंच बघा. वीसेक वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजता मी एका आजोबांची इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी, बदलत होतो. जुनी उत्तम चालू होती. ना सूज, ना लाली. पण तिसरा दिवस उजाडला की बदलायची, असा नियम. नवीन लावताना तीन शिरा फुटल्या. आजोबा म्हणाले, "अहो डॉक्टर, चालता नळ कशाला काढता?" ट्रे धरून उभ्या असलेल्या सिस्टरनीही सूर मिळवला, "खरंच सर, सगळ्यांची बदलायचीच का? की हात सुजला तरच?"

मी मूर्खासारखा हा प्रश्न घेऊन गाइडकडे गेलो. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सलाईनच्या सुईवर थिसिस? ते सिस्टर लोकांचं काम."

तुम्ही ही चूक करू नका. पेशंट कोण, त्याला काय करायचं, कशाशी तुलना आणि फरक पडला हे कशावरून ठरवायचं, या चारही गोष्टी ज्या प्रश्नात बसतात त्याला 'पिको' म्हणतात. साडीला करतात तो पिको वेगळा, पण कामात फारसा फरक नाही : कड नीट शिवली की उसवायला जागा राहत नाही. आणि उसवायला जागा नसेल, तर व्हायव्हात परीक्षकांनी बोलायचं काय?

सिस्टरचा तो प्रश्न पुढे ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकर्ड यांनी हाती घेतला. त्या स्वतः नर्स. ३,२८३ पेशंट, २०१२मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर : ठरल्या दिवशी बदला नाहीतर गरज पडल्यावर, शिरेला सूज दोन्हीकडे ७ टक्केच. म्हणजे सर बरोबरच होते. काम सिस्टर लोकांचंच होतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आणूच नका. विंचू चावलेल्याला नुसतं प्राझोसिन हे औषध द्यायचं की सोबत प्रतिविषही, आणि दहा तासांत बरे किती होतात? पेशंट फक्त ७०. छापलं २०११मध्ये, बीएमजेने, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलने. प्रतिविष मिळालेले लवकर सावरले. आता तालुक्याच्या गावात हे जमतं म्हटल्यावर 'आपल्याकडे सोयी कुठे आहेत' हे वाक्य आपण कुठे वापरायचं?

त्यापेक्षा राजमार्ग धरा. 'अ स्टडी ऑफ क्लिनिकल प्रोफाइल ऑफ अमुक इन अ टर्शरी केअर सेंटर.' म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात अमुक आजाराचे पेशंट कसे दिसतात, त्याची नुसती नोंद. प्रश्नच नाही, त्यामुळे उत्तर चुकण्याची भीती नाही. अमुकच्या जागी तुमच्या युनिटला जे जास्त येतं ते टाका. काहीच सुचेना तर व्हिटॅमिन डी आहेच. ते कशालाही जोडता येतं आणि कमीच निघतं.

सॅम्पल साइझ? रजा, परीक्षा आणि पोस्टिंग वजा करून किती पेशंट जमतील ते आधी मोजा. मग स्टॅटिस्टिशियनकडे जाऊन फॉर्म्युला तिथवर आणून घ्या. एरवी त्यांच्याकडे एक्सेलची शीट भरून झाल्यावरच जायचं असतं, "सर, यातून काहीतरी सिग्निफिकंट काढून द्या" म्हणत.

मोजायचं काय? लॅबमधून छापून येतं ते. पेशंट घरी गेला का, चालू लागला का, जगला का, असल्या चौकशा नकोत. अमेरिकेत एकदा तशी चौकशी केली. हार्ट अटॅकनंतर जादा ठोके थांबवणाऱ्या औषधांनी ईसीजी छान दिसू लागला होता. पण पेशंट मोजायला बसले, तर औषध घेणारेच जास्त दगावत होते. १९८९ साली त्यातल्या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. विचारलं नसतं, तर ईसीजी अजूनही छान दिसले असते.

राहता राहिलं लिखाण. सिनियरचा पेन ड्राइव्ह मिळतोच. फक्त बाईंडिंगला टाकण्यापूर्वी जुन्या कॉलेजचं नाव सगळीकडून बदला. मी बदललं होतं, एक जागा सोडून. सोनेरी अक्षरं ठोकून मरून रेक्झिनच्या प्रती हातात देताना बाईंडरच म्हणाला, "डॉक्टर, पान ६१वर तुम्ही दुसऱ्याच गावाला आहात."