फॉरमॅट मारायची एवढी घाई कामून?

मे महिन्यात वळवाचं वारं सुटतं, लाईट तासाभरात चारदा जाते-येते आणि घरचा कॉम्प्युटर बसतो. दुसऱ्या दिवशी डबा दुकानात न्यावा, तर झाकणाचा स्क्रूही न काढता पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "फॉरमॅटच मारावं लागतंय बघा," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. परभणी घ्या, हिंगोली घ्या, लातूर घ्या, उत्तर तेच. अरे, बिघडलंय काय हे तरी आधी बघा ना!

विंडोज सुरू होत नाही म्हणजे डिस्कवरचं सगळं गेलं, हे कुणी शिकवलं? डिस्कवर लिहिणं चालू असताना लाईट गेली की बऱ्याचदा बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या, दोन-चार फायलीच खराब होतात. लग्नाचे फोटो, पोरांची प्रमाणपत्रं, आडतीचा हिशोब, सातबाऱ्याचे स्कॅन जागच्या जागी असतात. ते पुसतो तो हा फॉरमॅट मारणारा. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक, म्हणजे वरवरचा, फॉरमॅट झाला आणि वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल, तर बरंच परत काढता येतं. एसएसडीचं, म्हणजे चिपवाल्या नव्या डिस्कचं, तसं नसतं. फॉरमॅट होताच ट्रिमची आज्ञा जाते, सगळी जागा रिकामी धरली जाते, आणि मग डेटा परत काढणाऱ्या भल्याभल्या लॅबही हात टेकतात. लोकांच्या पंधरा वर्षांच्या आठवणी दहा मिनिटांत संपवतात आणि वर "बॅकअप घ्यायला पाहिजे होता" हे ऐकवतात. संताप येतो नुसता.

तपासायचं कसं, ते सांगतो. डबा एकदम मेलेला असेल तर सुरुवात भिंतीपासून करा. डीपीवरचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो, आणि त्यात पहिला जातो एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीज पुरवणारा खोका. तो बोर्डापासून सोडवा, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडा. पंखा फिरला तर मल्टिमीटर लावा: पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहतो. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर रॅमची (मेमरीची) पट्टी काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरानं पुसा, चिप्स ब्रशनं झटका आणि खटका वाजेपर्यंत बसवा. आपल्याकडच्या धुळीत एवढ्यावरच कितीतरी मशीन चालू होतात.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार. बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल तीन व्होल्टचा असतो, तो काही वर्षांत उतरतो. सेल उतरला की लाईट गेल्यावर तारीख मागं जाते आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सेटिंग मूळपदावर येते. त्यात साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयचा रेड किंवा आयडीई झाला की विंडोज निळा पडदा दाखवतं, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतं. इलाज काय? नवा सेल टाकायचा आणि बायोसमध्ये मोड पूर्वीसारखा करायचा. पाच मिनिटांचं काम! त्यावर सुद्धा फॉरमॅट मारतात हो.

बायोसमध्ये डिस्क दिसते पण विंडोज अर्ध्यात अडकतं, तर लोगो दिसताच पॉवरचं बटन दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा. पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. स्टार्टअप रिपेअर चालवा, शेवटचा अपडेट काढून बघा, सेफ मोड (गरजेपुरतंच विंडोज) बघा. पण त्याही आधी माल, म्हणजे आपला डेटा, बाहेर काढा. दुसऱ्या मशीनवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच एक फुकट सिस्टीम) तयार करा, त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल सोडून 'ट्राय' निवडा. आपले फोल्डर समोर दिसतात, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज नीट बंद झालेलं नसेल तर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते, कॉपीला तेवढं बास. नवीन लॅपटॉप ४८ अंकी बिटलॉकर की, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली, मागत असेल तर घाबरू नका, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून बघा, बहुतेक वेळा ती तिथं असते. तिच्याशिवाय डिस्क उघडत नाही, म्हणून आधी ती शोधा, मग बाकीचं.

आणि ती चेकडिस्क, विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा! डिस्क अडखळायलीय, पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा वाढायलाय, आणि हे दुकानदार तिला /आर (खराब जागा शोधायचा पर्याय) लावून रात्रभर सोडून देतात. मरायला टेकलेल्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावतात, वरून फायलींच्या नोंदीही बदलून ठेवतात. अशा डिस्कची आधी दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं प्रत काढायची असते. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागी नंतर परततं. पुढची खटपट त्या प्रतीवर करायची. आतून टकटक आवाज येत असेल तर तेही नको. करंट बंद करा, परत चालूच करू नका.

यूपीएसचं तर कुणी बोलतच नाही. ६०० व्हीएच्या डब्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. हिरवा दिवा लागलेला असतो, लाईट गेली की कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद. वर्षातून दोनदा प्लग उपटून किती मिनिटं टिकतो ते बघा.

दुकानात न्यायचंच असेल तर डेस्कटॉपची डिस्क आधी काढून घरी ठेवा. दोन वायरी असतात, ७ पिनची डेटाची आणि १५ पिनची पॉवरची, सरळ ओढल्या की निघतात. बोर्ड, एसएमपीएस, रॅम तपासायला तुमची डिस्क लागत नाही. डिस्क द्यावीच लागली तर पावतीवर तिचा सिरियल नंबर आणि 'विचारल्याशिवाय डेटा पुसायचा नाही' एवढं लिहून, खाली दुकानदाराची सही घ्या. सही द्यायला कुणी काचकूच केली तर डबा उचला आणि दुसऱ्या दुकानात जा.