विरंगुळा केंद्र राहू द्या, पाराजवळ मुतारी बांधा

गावात सध्या म्हाताऱ्यांसाठीच्या विरंगुळा केंद्राची चर्चा जोरात आहे. स्लॅबची खोली, टीव्ही, दारावर नावांची पाटी. उद्घाटन होईल, फोटो निघतील अन् मग कुलूप लागेल. किल्ली कोणाकडे आहे हे विचारत म्हाताऱ्यांनी गावभर फिरायचं.

माझं मत स्पष्ट आहे, हा पैसा वाया जाणार. आपले म्हातारे बसतात मारुतीच्या पारावर. कापसाचा भाव, कोणाच्या पोरीचं जमलं, पुण्याहून कोण आलं, सगळं तिथंच कळते. त्या पाराची पायरी फुटली आहे, धरायला कठडा नाही, लघवीला जायचं तर शाळेमागं. शुगरवाल्या माणसाला घडीघडी उठावं लागते. लाजेपायी तो मग घरीच खाटेवर पडून राहतो. त्याला टीव्ही काय कामाचा?

बुढ्या तर पारावर बसतच नाहीत. त्यांचा ओटा, नाहीतर संध्याकाळची गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना. त्या वाटेवरचा लाइट गेला की तेही बंद. एक बल्ब लावायला कोणती योजना पाहिजे, सांगा.

आता पैशाचं. श्रावणबाळ अन् निराधार या सरकारी पेन्शन योजनांचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, २०२३ पासून. चांगलंच आहे, औषधगोळीसाठी सुनेपुढं हात पसरावा लागत नाही. पण दाखले, केवायसी यासाठी तालुका गाठावा लागतो. शेजारच्या काकूंसोबत मी गेलो होतो. त्यांची सारी जिंदगी निंदणात अन् कापूस वेचण्यात गेली, बोटांवरच्या रेघा पार घासून गेल्या. मशीनवर अंगठा उमटेना. पदराला पुसला, डोक्याच्या तेलावर घासला, दुसरं बोट लावून पाहिलं. शेवटी काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "आजी, सोमवारी या." मजुरीचा दिवस गेला तो गेलाच.

७५ च्या वरच्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, ६५ च्या वर अर्धं तिकीट. मान्य. पण ज्या गावात एसटी धड येतच नाही तिथं काय? काळीपिवळीवाला वय विचारत नाही, पूर्ण पैसे घेते.

म्हणून म्हणतो, महिन्यातून एक ठरलेला दिवस ग्रामपंचायतीत ठेवा. बँकमित्र, सेवा केंद्रवाला, तलाठी, बीपीचं मशीन घेऊन आशाताई, सगळे एका जागी. मतदानाच्या दिवशी बुढ्यांना न्यायला दारात ऑटो उभा राहतो, तेव्हा बरी सोय होते!

निधी नाही हे कारण मी ऐकणार नाही. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून महिला-बालकल्याणाला १० टक्के, दिव्यांगांना ५ टक्के काढायचा नियम आहे. म्हाताऱ्यांच्या नावाचा टक्का नाही, म्हणून त्यांची आठवणही होत नाही. पण गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरते, अन् पायरी, कठडा, मुतारी, बल्ब ही काही कोटींची कामं नाहीत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतो आहे. अनुमोदन द्यायला कोण उभं राहील, त्यानं खाली नाव टाका. अन् आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना सोबत आणा, बसायला खुर्च्या मी सांगून ठेवतो.