चार-आठ-पाचचा निरोप समारंभ

आमच्या ऑफिसात सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. त्याला हात लावायचा नाही, हा नियम कोणी केला ते कोणालाच आठवत नाही, पण पाळतात सगळे. तिथे जीसीसी ४.८.५, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करून देणारा जुना कंपायलर, मुक्काम ठोकून आहे. टीममधल्या नव्या पोराने सी प्लस प्लस १७ मध्ये, म्हणजे त्या भाषेच्या नव्या आवृत्तीत, ऐटीत कोड लिहिला आणि तो या सर्व्हरवर कंपाइल करायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. कंपायलरने ती आवृत्ती मागणारं ‘-एसटीडी=सी++१७’ पाहिलं आणि तोंडावर सांगितलं, असा पर्याय आम्ही ओळखत नाही.

तरी नाही म्हणणारा परवडला. याच ४.८ मध्ये रेगेक्सचं, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीचं, हेडर आहे, कोड निमूट कंपाइल होतो, आणि चालवताना नमुन्यात चौकटी कंस दिसला की प्रोग्राम आडवा! आतलं काम धड झालेलंच नव्हतं, ते ४.९ मध्ये झालं. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, त्यांना बढतीही मिळते.

सरळ रस्ता डेव्हटूलसेटचा: जुन्याला न उठवता शेजारी नवा कंपायलर बसवायचा. पण सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, पॅकेजं कुठून उतरवायची ते सांगणाऱ्या मिररलिस्टचा पत्ताही गेला. व्हॉल्ट या जुन्या कोठारातून आरपीएम, म्हणजे तयार पॅकेजं, आणतो म्हटलं, तर सिस्टीमवाले म्हणाले, “रूट मिळणार नाही.” म्हणजे सर्व्हरवर काही बसवायचे अधिकार नाहीत.

मग माझ्या होम डिरेक्टरीतच सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, जीसीसी ११ बांधायला घेतला. त्याला बांधायला सी प्लस प्लस ११ जाणणारा कंपायलर लागतो, म्हणजे आमचे ४.८.५ काठावर पास. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी ही आकडेमोडीच्या लायब्रऱ्यांची वऱ्हाडी मंडळी आणणारी स्क्रिप्ट इंटरनेट मागते. सर्व्हरला इंटरनेट नाही. एकेक टारबॉल (गुंडाळलेली फाइल) चढवायला परवानगी, परवानगीला फॉर्म, फॉर्मवर सही, आणि सहीवाले साहेब रजेवर.

शेवटी ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम, सुरू झालं. जुन्याने नवा बांधला. पण नवा पडला सोवळ्यातल्या आजीसारखा, दुसऱ्याने भरलेलं पाणी त्याला चालेना. त्याने स्वतःला पुन्हा बांधलं, मग आणखी एकदा, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या वेळचं बाड एकसारखं आहे ना, ते ताडून पाहिलं. तेवढ्यात डिस्कचा कोटा भरला. कोटा वाढवायला कोणता फॉर्म लागतो, ते आता मला तोंडपाठ आहे.

प्रोग्राम झाला. चालवला. ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२९ नॉट फाउंड’. प्रोग्रामला सी प्लस प्लसची नवी लायब्ररी हवी, आणि सिस्टीमची ३.४.१९ वरच अडलेली! ‘-स्टॅटिक-एलआयबीएसटीडीसी++’ लावून नवी लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच कोंबली, तेव्हा कुठे गाडं हललं.

पोरगा खूश. “सर, आता स्टँडर्ड फॉरमॅटपण वापरतो ना?”

मजकूर मांडायची ती नवी सोय जीसीसी १३ मध्ये आली. त्याच कामाचं जुनं प्रिंटएफ किती गोड असतं, हे सध्या मी त्याला समजावतो आहे.